साण्याखालचा तांब्या

आमच्या वाडीत कुणालाही विचारा, गहिनीनाथ मास्तर कोण? लोक सांगतील, ते ड्रॉइंगचे मास्तर, जे ड्रॉइंगमध्येच नापास झाले. एकदा नाही, चारदा. एवढं सांगून हसतील. मला त्या हसण्याचा संताप येतो. मी स्वतः छत्तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली, तरी येतो. हसणाऱ्यांना अर्धीच गोष्ट माहीत असते. उरलेली अर्धी माझ्यापाशी आहे आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आता वय झालं. पोटात ठेवून काय तिचं लोणचं घालायचंय?

तर मी लंका. बाहत्तर साली मी नववीत होते. आमची वाडी मिरजगावपासून तीन मैलांवर, शाळा मिरजगावला, सकाळची. वडील बारा महिने राहात्याकडं उसाच्या कामाला, घरी मी आणि आई. आईचं नाव बायडाबाई. बोलायला कमी आणि कामाला वाघीण.

मास्तर आमच्या वाडीतलेच. वय चौतीस, अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशात कायम तीन पेन्सिली. त्यांना ब्लेडनं इतकं लांब टोक काढलेलं असायचं की मास्तर खाली वाकले की हनुवटीला टोचायच्या. लग्न झालेलं नव्हतं. त्यांची आई रंगुबाई भेटेल त्याला सांगायची, "माज्या गहिन्याचं लगीन पेनशिलीसंगं लागलंय. नातू काय व्हायचा न्हाई, झालं तर खोडरबर व्हईल."

मास्तरांना ड्रॉइंग कुणी शिकवलं नव्हतं. हात मुळातच चांगला. शाळेच्या भिंतीवर सुविचार रंगवायला म्हणून त्यांना बोलावलं होतं. अक्षरं बघून हेडसर खूश झाले, ड्रॉइंगचा तास रिकामाच होता, मग तिथंच ठेवून घेतलं. फक्त एक अट घातली, की सरकारी ग्रेड परीक्षा तेवढी पास व्हायची. मास्तर तीनदा बसले आणि तीनदा नापास झाले. निकालाच्या कागदावर नुसतं 'नापास' असायचं. कशात चुकलं, का चुकलं, ते कोण कशाला लिहितंय? मास्तरांनी आपल्या मनानंच ठरवलं की आपला वस्तुचित्राचा सराव कमी पडतोय. म्हणून ते दर वर्षी सराव वाढवत गेले.

बाहत्तरच्या जूनमध्ये हेडसरांनी त्यांना बोलावून सांगितलं, "वरून कागद आलाय. ही शेवटची संधी. यंदा पास झालात तर कायम, नाही तर पुढच्या जूनला तुमच्या जागेवर दुसरा माणूस." मास्तर नुसते "बरं" म्हणाले. पण तो ड्रॉइंगचा तास हेच त्यांचं सगळं होतं. दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि यावं असं वाटतही नव्हतं.

त्याच परीक्षेला आम्ही चार पोरं बसणार होतो. तीन मुलगे आणि मी. मास्तर आणि त्यांचे विद्यार्थी एकाच परीक्षेला, म्हणून पारावरच्या लोकांना विषयच मिळाला. "मास्तर, पोरांची कॉपी करू नका बरं का," असं कुणीतरी रोज म्हणायचं आणि मास्तर रोज हसून पुढं जायचे.

क्लास दुपारी मास्तरांच्या घरी. घर आमच्याकडच्या सगळ्या घरांसारखंच धाब्याचं, वर मातीचं सपाट छत. भिंती दोन-दोन हात रुंद. दार एकच, तेही बुटकं, आणि त्याच्यासमोर गोठ्याची भिंत. खिडकी नाही. चोराचिलटाच्या भीतीनं बाहेरच्या भिंतीला खिडकी ठेवायचीच नाही, अशी आमच्याकडं जुनी रीत. मग उजेड कुठून? तर छताला वर हातभर रुंदीचं भोक असायचं, त्याला साणं म्हणायचं. धूर त्यातूनच जायचा आणि उजेड त्यातूनच यायचा. दुपारी साण्यातून उजेडाचा खांब सरळ खाली उतरायचा. मास्तर बरोबर त्याच्या खाली पाट मांडायचे आणि पाटावर वस्तू.

पहिला आठवडा कांदा. नुसता कांदा. "गोल काढला म्हंजे कांदा झाला न्हाई," मास्तर सांगायचे. "गोल तर बांगडी बी हाय. कांदा मुठीत भरला पायजे." मग प्रत्येकानं कांदा मुठीत धरायचा, डोळे मिटायचे, बोटं फिरवायची. कुठं फुगलाय, कुठं बसलाय ते हातानं बघायचं. कांदा खाली ठेवायचा आणि मगच पेन्सिल उचलायची. मला पहिल्यांदा हसू आलं होतं. चौथ्या दिवशी माझा कांदा कागदावरून उचलावा असा उठला आणि मला फार भारी वाटलं.

मग वरवंटा, मग गुळाची ढेप, मग तांब्या. तांब्यानं आमचा जीव काढला. तांब्याचं तोंड गोल असतं खरं, पण बाजूनं बसून बघितलं की चपटं दिसतं, हे डोक्यात शिरायलाच दहा दिवस गेले. "चाळीस तांबं काढा, मंग माज्याशी बोला," मास्तर म्हणाले. तांब्या घरात एकच. रंगुबाई दारात उभी राहून कटकट करायची, "तांब्याला पाटावर बसवलाय, आता हळदकुंकू तेवढं लावा. मी पानी कशात पिऊ, वंजळीत?"

तांब्यानंतर पोत. पोत म्हणजे काय हे दाखवायला मास्तरांनी रंगुबाईचं काळं लुगडं आणि काळं घोंगडं शेजारी शेजारी ठेवलं. दोन्ही काळी, दोन्ही कापडंच. पण एक बोटाखाली घसरतं आणि दुसरं टोचतं. "हे टोचनं कागदावर आलं पायजे," मास्तर म्हणाले. मग आम्ही बाभळीची साल काढली, पोत्याचा तुकडा काढला, शेवटी भाकरी काढली. बाजरीच्या भाकरीचं अंग, त्यावरचे काळे डाग, कडेची चीर. मी दोन दुपारी तीच घेऊन बसले होते. रंगुबाईनं माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाली, "ही करपलीय. तव्यावर जरा जास्तच ऱ्हायली." मास्तर एवढे खूश झाले की त्यांनी ती भाकरी मलाच खायला दिली. पुढं मला ड्रॉइंगची बक्षिसं मिळाली, पण रंगुबाईच्या त्या बोलण्याची सर कशालाच आली नाही.

आणि या सगळ्याला एकच नियम. वर उजेड, खाली अंधार. साण्याचा उजेड वरून पडायचा, त्यामुळं तांब्याची कड चमकायची, पोट खालच्या बाजूनं काळं होत जायचं आणि सावली बुडाभोवती गोळा होऊन बसायची. "डोळं झाकून बी हेच आलं पायजे," मास्तर म्हणायचे, आणि आम्हा पोरांना ते यायला लागलं. बघायची गरजच उरली नाही. हात आपोआप चालायचा.

माझं मात्र भादव्यात बिनसलं. त्या वर्षी पाऊस नव्हताच. आई दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला जाऊ लागली आणि तिच्याबरोबर मलाही जावं लागलं. शाळा बुडाली, क्लास बुडाला. सकाळी ऊन तिरपं असताना हातोडा उचलायचा, मधे सरकारनं वाटलेली सुकडी खायची, संध्याकाळी ऊन पुन्हा तिरपं झालं की घरी. महिना असा गेला. मला रडू यायचं. बाकीची पोरं तिकडं तांबे काढत असतील आणि आपण इथं दगड फोडतोय, असं सारखं वाटायचं.

पण डोळ्यांना सवय लागली होती, ती कुठं गप्प बसते? दगड फुटला की त्याला नवी बाजू यायची. उन्हाकडची बाजू पांढरी, तिच्या शेजारची करडी, पाठीमागची काळी. आणि सावली बुडाशी बसलेली नसायची, दोरीसारखी लांब पसरलेली असायची. आईनं पाणी प्यायला सुट्टी दिली की मी कोळशाच्या तुकड्यानं सपाट दगडावर तसे दगड काढायची.

एक दिवस मास्तर चालत कामावर आले. घामानं भिजलेले. "लंके, तुजा सराव बुडतोय," म्हणाले. रागावले नाहीत. खिशातल्या तीन पेन्सिलींतली एक काढून माझ्या हातात दिली. "ही फोर बी हाय. सावलीला चांगली. जपून वापर." त्या वेळी माझ्या पायाशी कोळशानं काढलेला दगड होता. सावली आडवी गेलेली, मास्तरांच्या नियमात न बसणारी. मला वाटलं, मास्तर म्हणतील, एवढं शिकवलं ते महिन्यात विसरली. मी त्या चित्रावर पाय ठेवला आणि ते जाईपर्यंत काढला नाही. बघा, माणूस कुठं आणि काय झाकतो.

परीक्षा ऑक्टोबरात, तालुक्याला कर्जतला होती. आम्ही पाचजण एसटीनं गेलो. दारावरच्या सुपरवायझरनं मास्तरांना अडवलं, "पालकांनी बाहेर थांबायचं." मास्तरांनी निमूटपणे आपली स्लिप दाखवली. सुपरवायझरनं स्लिप बघितली, मास्तरांकडं बघितलं, आणि तोच बिचारा ओशाळला.

हॉल मोठा. डाव्या भिंतीला माणूस उभा राहील एवढाल्या चार खिडक्या. मधे टेबलावर वस्तू मांडलेल्या. पितळी कळशी, एक वांगं आणि खाली घडीचं कापड. आम्ही भोवती अर्धगोल करून बसलो. मास्तर खिडकीच्या अंगाला, मी त्यांच्यापासून तिसरी. मी कळशीकडं बघितलं. कळशीची डावी बाजू उजळलेली, उजवी बाजू काळी आणि सावली कापडावरून उजवीकडं लांब गेलेली. कामावरच्या दगडासारखी. पहिल्यांदा वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. सराव कमी, म्हणून असं दिसतंय. पण डोळ्यांना दिसत होतं ते दिसतच होतं. मी तेच काढलं.

तासाभरानं घसा कोरडा पडला. पाण्याचा माठ खिडकीखाली होता. पाणी पिऊन वळले तर पुढ्यात मास्तरांची पाठ आणि त्यांच्या खांद्यावरून त्यांचा कागद. कळशी अशी सुरेख बसवली होती की मला तशी आजही जमायची नाही. पितळेची चकाकी होती, वांग्याचं तुकतुकीत अंग होतं, कापडाच्या घडीत हात घालावासा वाटत होता. आणि सावली बुडाभोवती. गोळा होऊन बसलेली. कळशी या हॉलमधली, उजेड रंगुबाईच्या घरातला. तीन वर्षं मास्तर का नापास होत होते ते मला त्या मिनिटाला कळलं. जेवढा सराव वाढत गेला, तेवढी चूक पक्की होत गेली होती.

दोन शब्द पुरले असते. 'मास्तर, खिडकी.' एवढंच. वेळही हातात होता, तासभर तरी. मी तिथं थांबले, आणि खिडकीतल्या उजेडात माझी सावली त्यांच्या कागदावर पडली. डावीकडून उजवीकडं, अख्ख्या कळशीवर. मला वाटलं, आता बघतील. आता त्यांना कळेल. मास्तरांनी वर न बघताच हळू आवाजात म्हटलं, "लंके, बाजूला हो. उजेड अडतोय."

मी बाजूला झाले. सुपरवायझर माझ्याकडं बघत होता, बोलले असते तर दोघांनाही उठवलं असतं, हे सगळं खरं. पण त्याहून खरं म्हणजे मी भ्याले. मला पास व्हायचं होतं. मी जागेवर जाऊन बसले आणि मास्तरांनीच दिलेल्या फोर बीनं माझ्या कळशीची सावली गडद केली.

परतताना एसटीत मास्तर एवढे मोकळे झाले होते की पोरांना भेळ काय दिली, गाणं काय म्हटलं. "यंदा शंभर टक्के," म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हा सांगून उपयोग नव्हता, म्हणून सांगितलं नाही, अशी मी माझी समजूत घातली.

निकाल जानेवारीत आला. पाचांतली मी एकटी पास, बी ग्रेड. मास्तर धावत आमच्या घरी आले आणि दारातूनच आईला म्हणाले, "बायडाबाई, तुजी लंका पास झाली." आईनं विचारलं, "आन तुमी?" मास्तर नकारार्थी मान हलवत ओट्यावर बसले. मग मला म्हणाले, "पोरी, तुजा सराव सगळ्यात कमी. तू काय येगळं केलंस?"

"मास्तर," मी म्हटलं, "उजेड खिडकीतून येत हुता."

 मास्तरांनी अंगणातल्या आमच्या उखळाकडं बघितलं. दुपार कलली होती. उखळाची सावली लांब गेली होती. उठून तिथं गेले, उकिडवे बसले आणि त्या सावलीच्या कडेवरून बोट फिरवलं. "रोज असतीय का गं ही?" त्यांनी विचारलं.  ते उठून घरी गेले. परीक्षेत मी त्यांचा कागद बघितला होता, हे मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीभर पहारीचा आवाज. मास्तर आपल्या घराची भिंत फोडत होते. रंगुबाई कपाळाला हात लावून ओरडत होती, "नोकरी चालली, आता घर बी पाड. चोरांना आवतन दे." दोन हातांची भिंत, दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्या घरात बाजूनं उजेड आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मास्तरांनी पाट साण्याखालून ओढून खिडकीसमोर मांडला, तांब्या ठेवला आणि नापास झालेल्या तिघा पोरांना हाक मारली. म्हणाले, "चाळीस. पहिल्यापासून."

जूनमध्ये त्यांची नोकरी गेली. दुसरा माणूस आला. तरीही ऑक्टोबरात मास्तर पाचव्यांदा परीक्षेला बसले आणि पास झाले. सी ग्रेड. हसणाऱ्यांना हेच माहीत नसतं. ती तिन्ही पोरंही पास झाली. नोकरी परत मिळाली नाही, मास्तरांनी मागितलीही नाही. शेती केली, टेम्पोवर नावं रंगवली, आणि दुपारी त्या खिडकीसमोर वाडीची पोरं बसवली. चाळीस वर्षं. मी नगरला ड्रॉइंग टीचरचा कोर्स केला, गावोगावच्या शाळा केल्या. सुट्टीत भेटायला जायचे. दर वेळी ठरवायचे की आज सांगायचं, आणि दर वेळी चहा पिऊन परत यायचे.

रिटायर झाले त्या वर्षी गेले होते. रंगुबाई कधीच गेली होती. मास्तर सत्त्याहत्तर वर्षांचे, डोळ्यांत मोतीबिंदू. खिडकीशी बसून मांडीवरच्या बोर्डावर तांब्या काढत होते. तोच तांब्या, आता पोचे आलेला. मी दाराकडं न जाता बाहेरूनच खिडकीत उभी राहिले आणि माझी सावली त्यांच्या कागदावर पडली. डावीकडून उजवीकडं. माझा पाय आपोआप बाजूला गेला.

"लंके, हटू नगंस," मास्तर म्हणाले. मान वर केलेली नव्हती. "एकडाव हटलीस, तेवढं बास झालं."

 म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, कोण जाणे. कदाचित उखळापाशी बसले तेव्हापासूनच. "मास्तर, मी भ्याले हुते," मी म्हटलं. त्रेचाळीस वर्षांनी तोंडातून निघालं ते एवढंच.

"परीक्षेत बोलायचं नसतं," ते म्हणाले. "आन मीच हट म्हनलो हुतो. ऱ्हा तिथंच."

मी उभी राहिले. मास्तरांनी पेन्सिल आडवी धरली आणि कागदावर पडलेल्या माझ्या सावलीची कड डोक्यापासून खांद्यापर्यंत सावकाश आखून घेतली. मग तांब्यावर जेवढी सावली आली होती तेवढी गडद केली. तो कागद आता माझ्याकडं आहे.